डिचोलीला, तांब्याचा एक सरळ तुकडा आणायला

दोन वर्षं जो आलेख मी सगळ्यांना हौसेने दाखवत होते, त्याच्यावरचा माझाच विश्वास उडाला, तेव्हा स्कूटर काढली.

थोडं कामाबद्दल. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात. जोडी फोडायला लागणाऱ्या कमीत कमी ऊर्जेला आम्ही ‘गॅप’ म्हणतो. साध्या अतिवाहकात ती सगळ्या दिशांना लागते. आमच्या विचित्र स्फटिकात मात्र काही दिशांना जोडी जवळजवळ फुकटात सुटते, असा संशय आहे. त्या दिशा शोधायला स्फटिक निरपेक्ष शून्याजवळ थंड करायचा, चुंबकीय क्षेत्र त्याच्याभोवती फिरवायचं आणि कोनाकोनाला तो किती उष्णता पितो ते मोजायचं. मला एका फेरीत दोन मोठे उंचवटे मिळाले होते. प्रबंध त्यांवरच उभा होता. पण स्फटिकाखालची तांब्याची बैठक कलती असली, तरीही असेच दोन येतात.

पेडण्याहून धारगळ, कोलवाळ, थिवीं, अस्नोडा करत डिचोलीला सव्वा तास लागतो. सकाळी लवकर निघा. नंतर ट्रकांमागे धूळ खावी लागते. बसस्टँडजवळ पातळभाजी आणि गरम उंडे पाव खाल्ले. शंभराच्या नोटेत पोट भरून वर चहाही झाला.

बाबल मेस्तांचं लेथचं वर्कशॉप बाजारामागे आहे. खाणींच्या ट्रकांचे भाग बनवण्यात त्यांचा जन्म गेला.

“कदेलार बस गो बाय,” म्हणत त्यांनी खुर्ची सरकवली. माझी बैठक बिडाच्या सपाट पाटीवर ठेवून वरून डायलची सुई फिरवली. एका कडेला सुई हलली.

“एका कुशीक पडलां. डोळ्यांक दिसचा नाय, काटो सांगता.”

नवी कातून द्या, म्हटलं. तांबं मऊ, पात्याला चिकटतं. नवीन बैठक कातायला दुपार झाली. हे कशाला लागतं ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“म्हणजे उघडूचा नाय, भोवतीन गरम खंय तां बघूचा. आमी बेअरिंगाक तसाच करताव. हात फिरवचो. खंय तापला थंय दुखता.”

मी त्यांच्या काळवंडलेल्या तळव्याकडे बघतच राहिले. आत डोकावता येत नाही अशा वस्तूला माणूस बाहेरून हळूहळू विचारत जातो आणि ती उत्तर देते, याचं मला त्या दिवशी फार नवल वाटलं.

नव्या बैठकीवर मोजणी पूर्ण व्हायला आठवडा गेला. दोन उंचवटे पुसले गेले. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी. प्रयोगशाळेत बसून रडले. मग आलेख मोठा करून पाहिला. आधी त्या दोन्हींखाली दबलेले चार बारीक उंचवटे होते, एकसारख्या अंतरावर. क्षेत्र उलट फिरवून पुन्हा मोजलं. चारच. खरोखर चार दिशांना जोड्या सहज सुटत होत्या, आणि हे माझ्यासमोर घडत होतं. अंगावर काटा आला.

माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. त्यांनी चारही कोन लिहून घेतले. मग म्हणाले, “जुना, दोन उंचवट्यांचा निबंध छापून गेलाय.”

“माहीत आहे, सर.”

आता पेडण्याला घरी बसून नवा लिहितेय. पहिलं वाक्य झालंय: आम्ही आधी दाखवलेले दोन उंचवटे स्फटिकाचे नव्हते, आमच्या बैठकीचे होते.