थांबाताई

तुमसरच्या आमच्या कॉलेजात संशोधन करणाऱ्या रत्नाताईंना सगळे थांबाताई म्हणत. चालू काम त्या कधीही मध्येच अडवायच्या. एखादी तार सैल दिसली की आवाज न चढवता म्हणायच्या, "थांबा." वडील चिखल्याच्या मँगनीज खाणीत उतरायचे, ही सवय त्यांच्याकडून आलेली. आमचे मार्गदर्शक सर मात्र वैतागायचे.

विषयही मँगनीजचाच. अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म कणांत त्याचे मोजके अणू मिसळायचे आणि चुंबक लावल्यावर आतल्या इलेक्ट्रॉनची स्पिन, म्हणजे फिरकी, कशी वळते ते पाहायचं. मी नवखी होते. ताई समजावायच्या, "गरमीत इलेक्ट्रॉन कोनाचं आयकत नाही. त्याले थंडं कर, मंग बोलते." त्यासाठी नागपूरहून द्रव नायट्रोजनची टाकी यायची.

त्या दुपारी बाहेरचा उजेड नको म्हणून खिडकीवर काळा कपडा होता, दार बंद. सरांनी चुंबकाची दिशा उलटवली आणि पडद्यावरची रेष पहिल्यांदा वळली. कित्येक वर्षं ते याचीच वाट पाहत होते. आनंदानं उठताना त्यांचा धक्का लागून टाकी कलंडली. पांढरं धुकं जमिनीवर पसरलं.

"रीडिंग चालू राहू द्या!" सर म्हणाले.

वास नाही, खोकला नाही. मला तर उगाच हसू येत होतं.

"थांबा सर. खिडकी खोलून राहिली मी."

"काहून? एवढ्या वर्षानं रेष..." पुढचा शब्द सरांना सापडेना.

"जबान अडकून राहिली तुमची. नायट्रोजननं हवा सरली इथली!"

ताईंनी कपडा ओढून फाडला, खिडकी उघडली. उजेड आत घुसला, रेष वेडीवाकडी झाली. सर खुर्चीतून घसरले. आम्ही दोघींनी त्यांना फरफटत व्हरांड्यात आणलं. ते नीट श्वास घेऊ लागले तेव्हा कुठे ताईंनी त्यांचा हात सोडला.

रीडिंग अर्धवट राहिलं, कणांचा नमुना गरम होऊन वाया गेला आणि तसा पुन्हा जमला नाही. सरांनी ताईंशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

"ताई, पस्तावा होते का?" मी एकदा विचारलं.

"होते ना, रोज. मंग सर चहा पिऊन राहिले दिसतात, तं बरं वाटते."

पुढे ताईंना दूरच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. बसस्टँडवर मी पोचवायला गेले, तर सर आधीच येऊन उभे होते. गाडी लागल्यावर ते खिडकीजवळ गेले.

"रत्ना, रेष वळली होती ना? का मलेच भास झाला?"

"वळली होती सर. मी पाहिली."

गाडी गेली. मीही त्या खोलीत होते, पण सरांनी मला काही विचारलं नाही. ताईंचा शब्द त्यांना पुरेसा होता.