माईकवरून उघडलेला तलाव

मी नोकरी सोडली तेव्हा मोठ्या बहिणीनं फोनवर आवाज खाली आणून विचारलं, "ऑफिसात काही झालं का गं?" काही झालं नव्हतं, हे तिला पटेना. आमच्या घरात नोकरी दोनच कारणांनी सुटते, निवृत्ती नाहीतर आजारपण. पोहायला शिकवायचंय म्हणून सोडली, हे ऐकून ती म्हणाली, "ते रविवारी नाही का जमणार?"

सरकारी विमा कंपनीत मी दाव्यांच्या विभागात होते. माणसं कशी गेली हे वाचणं, हे माझं काम. त्याची सवय होते. सवय झाली नाही ती बुडालेल्या बायकांची. त्यांची प्रकरणं जवळजवळ सारखीच असत. धुणं धुताना पाय घसरला, ओरडणं ऐकून सोबतची बाई धावली, तीही गेली. काठावर आणखी दोघीतिघी उभ्या होत्या, पण पोहता कुणालाच येत नव्हतं. जन्मभर डोक्यावरून पाणी वाहिलेल्या बायका या. पाण्यात पडल्यावर काय करायचं, एवढं सोडून पाण्याचं सगळं काम त्यांना शिकवलेलं होतं.

मी स्वतः चाळिशी उलटल्यावर पुण्यातल्या एका तलावावर नाकातोंडात पाणी जाऊन, खोकत, लाजत शिकले. तेव्हापासून मनात होतं की मोठ्या वयाच्या बायकांना शिकवायचं. याला स्वप्न म्हणावं असं मला सुचलं नव्हतं. तो शब्द सोसायटीनं दिला.

आमची सोसायटी पुण्याजवळच्या भूगावातली. जाहिरातीत तलाव निळाशार होता आणि त्यात एक गोरी बाई हसत होती. प्रत्यक्षात तलाव निळा आहे. बाई नाही. सकाळी दोन-तीन पुरुष लांबी मोजून पोहतात, मे महिन्यात मुलं धुडगूस घालतात, एरवी पाण्यावर पानं तरंगत असतात. दुपारच्या वेळी तिथे वर्ग घ्यावा, असा माझा साधा विचार होता. त्यासाठी मी समितीला विचारलं. समितीनं होकार देण्याऐवजी माझा सत्कार ठरवला.

महिला दिनाला क्लबहाऊसमध्ये खुर्च्या मांडल्या. पुष्पगुच्छ पर्यावरणाला घातक म्हणून मला तुळशीचं रोप दिलं, प्लॅस्टिकच्या कुंडीत. शाल दिली, मार्चच्या उन्हात. सेक्रेटरींच्या पत्नीनं मला मिठी मारली. "चालू नोकरी सोडून मनातलं करायचं! केवढं धाडस आहे हो तुमच्यात!" आयटीतला एक शेजारी म्हणाला, मॅडम, तुम्ही इन्स्पिरेशन आहात, मीपण सोडणार आहे, फक्त होम लोन संपू दे.

मग चेअरमन उभे राहिले. आमचे चेअरमन बोलताना हात असा उचलतात, जणू समोर मैदान भरलंय. स्त्रीशक्तीवरून ते स्वप्नांवर आले, स्वप्नांवरून पाण्यावर, आणि पाण्यावर आल्यावर त्यांना थांबता येईना. "मी आज जाहीर करतो," ते म्हणाले, "आपल्या तलावाचं दार आजपासून प्रत्येक स्त्रीसाठी उघडं आहे! प्रत्येक स्त्रीसाठी!" टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मागच्या भिंतीशी चहाचे ट्रे घेऊन सोसायटीत कामाला येणाऱ्या बायका उभ्या होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणतात. साठीची आजीसुद्धा तिशीच्या पोरीला मावशी म्हणते, त्यामुळे नाव लक्षात ठेवायची गरज पडत नाही. त्यांच्यातली एक घोटावड्याहून यायची आणि चार घरी स्वयंपाक करायची, त्यात चेअरमनांचं घर होतं आणि सेक्रेटरींचंही. त्या बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण हातात ट्रे होते. पण ऐकलं होतं त्यांनीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तलावावर गेले, तर फाटकापाशी ती घोटावड्याची स्वयंपाकीणबाई आणि आणखी दोघी उभ्या. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत टॉवेल आणि जुने कपडे. वॉचमन त्यांना हिंदीत समजावत होता.

"ओ ताई, तुमीच सांगा ह्याला," ती मला म्हणाली. "चेअरमनसायबांनी काल माईकवरून सांगितलंय. परत्येक बाईसाठी. मी बाई न्हाई का?"

मी चेअरमनांना फोन केला. त्यांना आधी कळेचना की मी कशाबद्दल बोलतेय. कळल्यावर ते हसले. "अहो मॅडम," ते म्हणाले, "ते भाषण होतं."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. ते इतक्या निर्मळ मनानं म्हणाले की मला क्षणभर माझंच चुकलं असं वाटलं.

संध्याकाळी समिती बसली. हायजीनचा मुद्दा निघाला. कॉस्च्युमचा निघाला. उद्या ड्रायव्हर लोकही येतील, असाही निघाला. मी विचारलं, "ज्या हातांनी मळलेली कणीक तुम्ही रोज खाता, तेच हात क्लोरीनच्या पाण्याला कसे चालत नाहीत?" सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, इमोशनल होऊ नका." मी आयुष्यभर मृत्यूचे दाखले तपासले, तेव्हा मला कुणी इमोशनल म्हटलं नव्हतं. शेवटी ठराव झाला. वर्ग सभासदांसाठी सुरू करावा, मॅडमच्या नावाची पाटी सोसायटीच्या खर्चानं लावावी. सभासदांपैकी तिघी आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी पायऱ्यांवर बसून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी एकीला सर्दी होती.

मी पाटी नको म्हणून कळवलं आणि वर्ग बंद केला. लगेच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर माझा उत्साह टिकला नाही याबद्दल हळहळ व्यक्त झाली.

फाटकापाशी पिशव्या घेऊन आलेल्या तिघींपैकी दोघींनी त्या पुन्हा घरी नेल्या. घोटावड्याची बाई मात्र जिन्यात मला गाठून म्हणाली, "ताई, तलाव ऱ्हाऊ द्या त्यांचा, त्यांनाच लखलाभ. तुमी आमच्या हिरीवर याल का?"

मी विचारलं, एवढं कशासाठी? तेव्हा तिनं सांगितलं. लहानपणी माहेरच्या विहिरीत तिचे भाऊ उड्या मारायचे आणि ती काठावर बसून त्यांचे कपडे राखायची. तेव्हापासूनची इच्छा. आता ताम्हिणीच्या रस्त्याला धरणाच्या पाण्यालगत एका रिसॉर्टला तलावावर बाईमाणूस पाहिजे होतं, पोहता येणारं, बायकांवर लक्ष ठेवायला. तिला ती जागा हवी होती. "चपात्या लाटून लाटून वैताग आलाय बघा. सकाळी उठलं की पीठ, सपनातबी पीठ. मला काठावर बसायचंय, पन आता कापडं राखायला न्हाई."

पुढच्या आठवड्यात तिनं चारही घरांना एकदम सांगितलं की महिनाअखेरीला काम सोडणार. माझ्या सत्काराला महिनासुद्धा झाला नव्हता. सेक्रेटरींच्या पत्नीनं मला लिफ्टमध्ये पकडलं. "तुम्हाला कळलं का? आमची मावशी काम सोडतेय. पोहायला शिकायचंय म्हणे! डोक्यात हवा गेलीय हो या लोकांच्या. चालू काम कुणी असं सोडतं का?"

"मी सोडलं की," मी म्हणाले.

"तुमची गोष्ट वेगळी."

काय वेगळी, ते तिनं सांगितलं नाही. तिचा मजला आला. मी खाली जायचं सोडून पुन्हा वर गेले, इतका संताप आला होता. मी सोडली तर धाडस आणि तिनं सोडली तर हवा. माझ्यामागे पेन्शन होती, मालकीचं घर होतं, नोकरीवाला नवरा होता. धाडस म्हणायचं तर तिचंच होतं, आणि शाल माझ्या कपाटात होती.

विहीर घोटावड्याला, तिच्या थोरल्या दिरांची. शेत रस्त्याच्या आतल्या अंगाला, पलीकडे कारखान्याची पत्र्याची शेड. पहिल्या दिवशी दीर काठावर कमरेवर हात ठेवून उभे होते.

"बायका हिरीत पवणार?" ते म्हणाले. "गावात काय त्वांड दाखवू मी?"

"हाय तेच दाखवा, भावजी," ती म्हणाली. "दुसरं कुटनं आणणार?"

"आन् बुडलीबिडलीस तर?"

"बुडू नये म्हून तर शिकतीय."

एवढ्यात त्यांची बायको, म्हणजे हिची जाऊ, घरातून कमरेला तेलाचे दोन रिकामे कॅन बांधूनच बाहेर आली. अंगात नवऱ्याचा शर्ट. दीर बघतच राहिले. "तू कुटं निघालीस?" "तुमच्या शर्टाला पवायला शिकवती," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली. त्यानंतर दीर दुपारचे शेताच्या दुसऱ्या टोकाला काम काढू लागले. दुसरी कुठली पुरुषमाणसं त्या बाजूला फिरकली तर त्यांनाही हाकलू लागले, हेही सांगितलं पाहिजे.

शिकवणं सोपं गेलं नाही. जाऊ पाण्यात उतरताच बदकासारखी तरंगली. ही मात्र घाबरायची. घाबरली की पाण्याला शिव्या द्यायची, आणि शिव्या द्यायला तोंड उघडलं की पाणी आत. पायरीची कड तिच्या हातातून सुटेना. एकदा भीतीनं तिनं मलाच अशी मिठी मारली की आम्ही दोघी खाली गेलो, आणि त्या हिरव्या अंधारात मला माझ्या टेबलावरची सगळी प्रकरणं एकदम आठवली. वर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. ती पायरीवर बसून खोकली आणि म्हणाली, "वरडा. पन उद्या येताय न्हवं?"

मी जात राहिले. चार घरांचं काम सुटलेलं होतं, गावात हसू झालं होतं. जमलं नाही तर तिला पुन्हा त्याच जिन्यानं चढून त्याच दारांची बेल वाजवावी लागणार होती, आणि सेक्रेटरींची पत्नी दार उघडताना कसं बघणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं. एका दुपारी ती कॅन न बांधता समोरच्या भिंतीपर्यंत गेली, भिंतीला हात लावला आणि तिथूनच ओरडली, "आता परत कशी येऊ?" जाऊ म्हणाली, "गेलीस तशीच ये की." ती आली.

पाऊस सुरू व्हायच्या आधी आम्ही त्या रिसॉर्टवर गेलो. फाटकावर दगडात 'निसर्गाच्या कुशीत' असं कोरलेलं होतं. तो दगड बसवायला निसर्गाचा बराच भाग कापलेला दिसत होता. मॅनेजर तरुण होता, नम्र होता, आणि दर दोन वाक्यांनी 'ॲक्च्युअली' म्हणत होता. त्यानं तिला तलावाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या. मग तळाशी रबरी वीट टाकली आणि वर आणायला सांगितली. वीट आणायला तिला दोनदा बुडी मारावी लागली. दुसऱ्या वेळी ती जरा जास्तच खाली राहिली आणि मी काठावर चप्पल काढून तयार झाले. ती वर आली, वीट मॅनेजरच्या पायाशी आपटली आणि धापा टाकत उभी राहिली.

"छान," तो म्हणाला. "आधी कुठे काम केलंय?"

"भूगावात. चार घरी सैपाक."

त्याचा चेहरा असा उजळला की मला लगेच धोका कळला. "अरे वा! मग ॲक्च्युअली प्रश्नच मिटला. आमच्या किचनला गावरान जेवण बनवणारी बाईच मिळत नाही. तुम्ही किचन बघा. पूलवर गरज लागली की बोलावतो."

माझ्या तोंडाशी विमा कंपनीच्या भाषेतली बरीच वाक्यं आली. पोहून दाखवलं, बुडी मारून दाखवली, अंगावरून पाणी निथळतंय, आणि या माणसाला समोर दिसतेय ती पोळपाटाशी बसलेली बाई! मी काही बोलणार, तेवढ्यात ती शांतपणे म्हणाली, "मला चपात्या येत न्हाईत."

"आत्ताच म्हणालात ना, चार घरी..."

"म्हून तर सुटलं काम. येत न्हाईत."

तो माझ्याकडे वळला. मी वयानं मोठी, चष्मेवाली, खरं बोलणारी दिसत असणार. "मॅडम?"

विहिरीवरून उठून मी कितीदा तिच्या घरी जेवले होते. असल्या मऊ चपात्या मी दुसरीकडे खाल्लेल्या नाहीत.

"मी खाल्ल्यात," मी म्हणाले. "आतून कच्च्या राहतात. वातड होतात. तुमच्या पाहुण्यांना नका देऊ."

मॅनेजरनं आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. खोटं चाललंय हे त्याला कळत होतं, पण सिद्ध करायला कणीक नव्हती. "ठीक आहे," तो म्हणाला. "शनिवार-रविवार या. लेडीज गेस्ट तेव्हाच असतात."

"आन् सोमवारी कुनी बुडली तर?"

त्यानं पाण्याकडे बघितलं. पाण्यात कुणी नव्हतं. "मालकांना विचारावं लागेल," तो म्हणाला.

"इचारा. मी हितंच हाय." आणि ती काठावरच्या खुर्चीत, ओल्या कपड्यांनिशी, जाऊन बसली. मालकांचा होकार यायला संध्याकाळ झाली. तोवर ती उठली नाही.