फळ्यावरची बोंडअळी

रिक्षावाल्याने विचारलं, "यूनिवर्सिटी बोले तो भोत हैं इधर. कौनसी होना?"

मी म्हणालो, "बडीवाली."

त्याने मला खालून वर एकदा पाहिलं. खांद्यावरचा दुपट्टा, हातातली कापडी पिशवी, कोल्हापुरीतून डोकावणारी काळी माती. मग म्हणाला, "खेतीवाली?"

मला वाटलं, हा माझी चौकशी करतोय. परक्या शहरात कोणी आपुलकीने विचारलं की आपण कसे फुलतो! मी छाती फुगवून सांगितलं, "हौ, खेतीवालेच हैं हम! कपाशी!" त्याने मान डोलावली आणि रिक्षा वळवली.

इथपर्यंतची गोष्ट मजेशीर आहे. पण तीसुद्धा मी कालपर्यंत कोणाला सांगितली नव्हती, आणि तुम्ही मला ओळखत असता तर यातच काहीतरी काळंबेरं आहे हे तुमच्या लक्षात आलं असतं. कारण मी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या मूळव्याधीचं ऑपरेशनसुद्धा रंगवून सांगणारा माणूस. मारेगावात माझं कृषी केंद्र आहे. बियाण्याच्या थैलीबरोबर एक गोष्ट फुकट. लग्नाच्या पंगतीत, तेरवीत, विहारात खीर वाटताना, कुठेही लोक म्हणतात, 'भाऊ, ते सांगा ना.' आणि भाऊ सांगतात. ही एकच गोष्ट भाऊंनी पोटात ठेवली.

काहून ठेवली? — सांगतो. जरा आडवळणाने सांगतो, सरळ सांगायचं धाडस असतं तर ही वेळच आली नसती.

माझी मुलगी प्रज्ञा. बारावीनंतर तिने जाहीर केलं की तिला गणित शिकायचंय. इंजिनिअरिंग नाही, नर्सिंग नाही — गणित, नुसतं गणित! माझा साळा म्हणाला, "गनित का शिकाची गोष्ट हाय? ते तं दुकानात येऊनच जाते." पण मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! माझं स्वतःचं गणित म्हणजे दहावीला कसाबसा काठ गाठलेला. आणि ही पोरगी जेवताना ताटातल्या भातात बोटाने वर्तुळं काढायची. तिची आई ओरडायची, "आधी खाय, मंग काढ."

दोन ठिकाणी नंबर लागला. एक नागपूर, एक हैदराबाद. आमच्या घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. नागपुरात माझी बहीण, म्हणजे डबा घरचा. शिवाय तिथले एक सर. त्यांच्याशी ती फोनवर बोलली होती, आणि त्यांनी फोनवरच तिला भूमितीतलं एक कोडं घातलं होतं. म्हणाले, 'सुटलं तरी ये, नाही सुटलं तर नक्की ये.' असं म्हणणारा मास्तर मी तरी जन्मात पाहिला नाही. हैदराबादचं विद्यापीठ मोठं, नावाजलेलं, पण ओळखीचं कोणी नाही. पोरगी नागपूरकडे झुकली होती. मन जवळजवळ झालंच होतं तिचं — हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फक्त हैदराबाद एकदा पाहायचं होतं. आणि नेमका तिला टायफॉइड. सीट पक्की करायला थोडेच दिवस उरलेले. खाटेवरून ती म्हणाली, "बाबा, वेबसाइटवर सारेच हासत असतात. तुमी जाऊन या. पोरं वर्गाबाहेर काय करतात ते पाहा. सर त्यायच्याशी बोलतात का, ते पाहा. तुमी पाहून आले म्हणजे मी पाह्यलं."

तुमी पाहून आले म्हणजे मी पाह्यलं. कोणी माझ्यावर इतका भरवसा टाकला असेल तर तो त्या दिवशी, तापाने फणफणलेल्या त्या पोरीने.

मी पांढरकवड्याहून ट्रॅव्हल्स धरली. रस्ताभर मी शेजाऱ्याला सांगत होतो — पोरगी गणित शिकणार! तो बिचारा झोपायचं सोंग करून थकला.

तर रिक्षावाल्याने मला उतरवलं ते कृषी विद्यापीठात. फाटकावर काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही, कारण आत समोरच कपाशीचे प्लॉट होते! अहो, काय कपाशी! एकेका वाणाची पाटी, ठिबकच्या नळ्या सरळ रेषेत, पात्यांनी, म्हणजे कळ्यांनी, लगडलेली झाडं. मला वाटलं, व्वा, गणितवाल्यांनी शेतीही काय नेटकी ठेवलीय! मी वाकून पानं उलटी करून पाहिली. फोटो काढले. माळ्याशी बियाण्यावरून वाद घातला. पुढे एका चिंचेखाली, झाडालाच टांगलेला काळा फळा होता. त्यावर खडूने गुलाबी बोंडअळी काढलेली — अंडी, अळी, कोष, पतंग — आणि पोरं-पोरी सरांना घेरून भांडत होती. अक्षरशः भांडत होती! एका पोरीने सरांच्या हातातला खडू घेतला आणि त्यांनी काढलेलं खोडलं. सर हसत होते. मी तर हरखूनच गेलो.

ऊन कलल्यावर मी एका मुलीला विचारलं, "बेटी, मॅथ्स किधर?" ती म्हणाली, "अंकल, इधर तो अ‍ॅग्रीकल्चर है. आपको दूसरी यूनिवर्सिटी होना. वो तो शहर के उस छोर पे है."

आता ऐका. वेळ होता. हे मी आजवर स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. दुसरी रिक्षा केली असती तर पोहोचलो असतो. परतीची बस चुकली असती, एक रात्र कुठेतरी काढावी लागली असती, एवढंच. पण मला त्या दुसऱ्या फाटकाची भीती वाटली. तिथे कपाशी नसणार. तिथे इंग्रजीत विचारतील, काय काम आहे. मी काय सांगणार होतो — पोरं भांडतात का, ते पाहायला आलोय? मी बिर्याणी खाल्ली आणि बसमध्ये बसलो. निर्मलजवळ गाडी थांबली तेव्हा चहा पिता पिता फोनमधले कपाशीचे फोटो पुसले.

घरी आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. 'बाई, तुझा बाप गेलता गणित पाहायले अन् आला बोंडअळी पाहून' — किती हसले असते सगळे! पिढ्यानपिढ्या पुरली असती. मग? साऱ्या गावाच्या फजित्या मी रंगवून सांगतो. स्वतःची एक सांगता येऊ नये?

पण मी दारात पाय ठेवला आणि प्रज्ञा खाटेवर उठून बसली. डोळे असे चमकत होते. "कसं हाय?"

मी म्हणालो, "मस्त!"

आणि सुटलो. चिंचेचं झाड सांगितलं. झाडाला टांगलेला फळा सांगितला. फळ्यावरची बोंडअळी तेवढी पुसली आणि तिथे गणित लिहिलं. कोणीही यावं, कोडं लिहावं, कोणीही येऊन सोडवावं. पोरीने सरांचं खोडलं ते सांगितलं, सर हसले ते सांगितलं. तिचा चेहरा फुलत होता आणि मी थांबत नव्हतो. ऐकणारा असा फुलला की मला थांबता येत नाही — हा माझा जुना रोग. तिने फोटो मागितले, मी म्हटलं, फोन बंद पडला. शेवटी तिने एकदाच, हळू विचारलं, "बाबा, तुमी सोताच्या डोयानं पाह्यलं?"

तिथे थांबता आलं असतं. तोच तर दरवाजा होता. तिने तो माझ्यासाठी उघडा धरला होता.

मी म्हणालो, "या डोयानं."

दुसऱ्या दिवशी तिने नागपूरच्या सरांना 'येत नाही' म्हणून कळवलं. ते कोडं तिने तापातच सोडवलं होतं. तेही त्यांना पाठवलं. त्यांचा आशीर्वाद आला.

तिला सोडायला मीच गेलो — आणि ते विद्यापीठ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं! तरी ऐटीत पुढे चालत होतो, "अस्सं इकडून," म्हणत, आणि तिला थेट मुलांच्या मेसमध्ये नेऊन उभं केलं. तिने विचारलं, "तो झाडाले टांगलेला फया कुठी हाय, बाबा?" मी आभाळाकडे पाहून म्हटलं, "पान्यापावसाचा आत नेला असन."

पहिले सहा महिने तिला जड गेले. वर्गात सगळं इंग्रजी, खोलीत कोणी आपलं नाही. एका पेपरात राहिली. फोनवर कधी म्हणायची, 'नागपूरच्या सरांकडे असती तर?' आणि मग स्वतःच मला समजवायची, 'पन तुमी पाहून आले होते ना.' मी 'हो' म्हणायचो. एकदा नाही, पुष्कळदा म्हणालो.

परवा तिचा फोटो आला. एका कडुलिंबाखाली जुना काळा फळा टांगलेला, त्यावर काहीतरी वर्तुळं, आणि चार-पाच पोरं वाद घालतायत. मागोमाग तिचा फोन. किती आनंदात होती! धाप लागल्यासारखी बोलत होती. म्हणाली, पहिल्या वर्षापासून ती सगळ्यांना त्या फळ्याबद्दल विचारत होती. सीनियर हसायचे, असा फळा इथे कधी नव्हताच म्हणायचे. ती त्यांच्याशी भांडली. म्हणाली, माझ्या बाबांनी पाहिलाय आणि माझे बाबा खोटं बोलत नाहीत. शेवटी तिच्या मॅडमनी अडगळीतला एक फळा काढून दिला, पोरांनी दोर आणले. आता रोज कोणीतरी त्यावर कोडं लिहून जातं.

फोटोखाली तिने लिहिलं होतं — बाबा, तुमचा फळा परत लावला.

परत.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? मी दुकानात तो फोटो सगळ्यांना दाखवला. एकाला तर युरियाच्या पोत्यावर बसवून दाखवला. पण त्या 'परत'पाशी आलो की माझी जीभ अडते. जे कधी नव्हतंच ते परत कसं लागेल? त्या फळ्याने माझं बोलणं खरं होत नाही. तिने दोर बांधला म्हणून माझी गाठ सुटत नाही. नागपूरचे सर तिला मिळाले नाहीत ते नाहीतच, आणि ते तिने निवडलं नव्हतं. तिच्या हातून ते मी निवडलं होतं.

काल सुनंदा, म्हणजे प्रज्ञाची आई, ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. रिक्षा, कपाशी, बोंडअळी, बिर्याणी, या डोयानं — सगळं. कुठेही रंगवलं नाही. रिक्षावाल्यापाशी ती थोडी हसली. मग हसली नाही. मी थांबलो तरी ती शेंगा सोलतच राहिली. सूप भरत आलं तेव्हा मान वर न करता म्हणाली,

"मंग मले काहून सांगून राह्यले? फया काय मी लावला?"