पेटी बिघडली, मावशीला बोलवा

मी सांगितलेलं कुणाला कधी खरं वाटलं नाही. मशीन बंद पडायच्या आधी सांगितलं तर "मावशी, तुम्हाला काय कळतंय", आणि बंद पडल्यावर "मावशी, तुम्ही हात लावला होता का?" आठ वर्षं हेच ऐकलं. ऐकून घेतलेलं पोटात साठत जातं आणि चार बायका जमल्या की बाहेर येतं. त्या म्हणाल्या, लिहून काढ. शाळा चौथीपर्यंत झालीय, तेवढ्यात बसेल ते लिहिते.

ऑफिस नगर रोडला. पुण्यात तेव्हा जिकडे बघाल तिकडे कॉम्प्युटरची ऑफिसं उघडत होती. मी वाघोलीहून बसने यायचे. झाडलोट, फरशी, काचा माझ्याकडे. आत एक थंडगार खोली, तिथे काचेचं कपाट, आणि कपाटात पाटाएवढी चपटी लोखंडी पेटी. तिला अठ्ठेचाळीस भोकं, त्यांना पोर्ट म्हणायचं. प्रत्येक पोर्टात एक वायर, प्रत्येक वायर कुणाच्या तरी टेबलाला गेलेली. पेटीचं नाव स्विच. ती बसली की सगळं ऑफिस बसलं.

पेटीवर निनाद सरांचा पहारा. सदाशिव पेठेतले, हुशार. शब्द रेशनवर मिळाल्यासारखे बोलायचे. आणि माझ्यावर पहारा पठारेंचा, कॉन्ट्रॅक्टरचे सुपरवायझर. त्यांचा नियम सरळ होता. तीन तक्रारी झाल्या की काम गेलं. घर तेव्हा माझ्या एकटीच्या पगारावर चालायचं.

* * *

एकदा काच पुसताना पेटीचा आवाज वेगळा लागला. रोज एकसारखी घूं करायची, त्या दिवशी मधेच घरघर. पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाला की येते, तशी. सरांना सांगितलं.

"मशीनला आवाज असतोच, मावशी."

"असतो. पण हा कालचा नाही."

"बरं."

पुण्यात 'बरं' म्हणजे विषय संपला.

तिसऱ्या दिवशी पेटी तापून बंद. सगळे खुर्च्या सोडून चहाच्या मशीनपाशी. सरांनी झाकण काढून बघितलं, तर आतला पंखा जाम. लगेच मला बोलावणं.

"ओल्या फडक्याने पुसलंत का?"

"कपाटाला कुलूप आहे, सर. मी बाहेरून काच पुसते. काचेतून पंखा ओला होत असेल तर मला बक्षीस द्या."

बक्षीस नाही, तक्रार मिळाली. पहिली. पठारे म्हणाले, "काहीतरी लिहायला लागतं ना."

* * *

कोपऱ्यातल्या एका मॅडमचा कॉम्प्युटर दिवसातून दहा वेळा मुका व्हायचा. सरांनी कॉम्प्युटर बदलला, आतलं कार्ड बदललं, शेवटी मॅडमना दुसऱ्या कोपऱ्यात बसवलं. मी काचेतून बघते तर त्या वायरीच्या टोकाचा प्लॅस्टिकचा चिमटा तुटलेला. चिमटा तुटला की दोरीवरची साडी वाऱ्याने खाली येते, मग वायर का नाही निसटणार? तसं सांगितलं.

"हे साडीइतकं सोपं नसतं, मावशी."

"साडी सोपी असते हे कुणी सांगितलं? नेसून बघा एकदा."

चार दिवसांनी गुपचूप वायर बदलली. मॅडम परत आपल्या कोपऱ्यात. मला कुणी चकार शब्द बोललं नाही. तक्रारही झाली नाही, हेच माझं कौतुक.

* * *

एकदा मीच सरांना विचारलं, बिघाड वायरीत आहे का पोर्टात, ते कळतं कसं? सर खूश झाले. एवढं सलग बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. "वायर काढायची, दुसऱ्या पोर्टात लावायची. बिघाड वायरीबरोबर गेला तर वायर खराब. जागेवरच राहिला तर पोर्ट खराब. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अंदाज करायचा नाही."

घरी तेव्हा मुलगा आणि सून यांची रोजची भांडणं. दोष कुणाचा ते मला ठरवता येईना. मग सुनेला आठ दिवस माहेरी पाठवली. भांडण घरातच राहिलं. मुलगा आता माझ्याशी भांडू लागला. विहीणबाईंना फोन केला, तिकडे सगळं शांत.

सोमवारी सरांना म्हटलं, "वायर चांगली निघाली. पोर्ट खराब आहे."

"मग बदला."

"चोवीस वर्षं वापरलाय, सर. आता कोण परत घेतंय?"

सर हसले. त्यांना दात आहेत हे ऑफिसला त्या दिवशी कळलं.

* * *

पेटीला वीज दोन बाजूंनी दिलेली होती. एक गेली तर दुसरी आहे, म्हणून. पाहुणे आले की सर हे मुद्दाम दाखवायचे. एक दिवस दोन्ही बाजू एकदम गेल्या.

ज्या कंपनीची पेटी, त्यांचा माणूस आला. टाय लावून. दोन तास पेटी तपासली, पेटी ठणठणीत. मग तो गुडघ्यावर बसला आणि कपाटामागे डोकावला. दोन्ही पिना एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, आणि बोर्डाचा फ्यूज उडालेला.

टायवाल्याने वर बघून मलाच विचारलं, "व्हॅक्यूम क्लीनर लावला होता का या बोर्डाला?"

"माझा झाडू विजेवर चालत नाही."

आणि मग मला राहवलं नाही. सरांना म्हटलं, "दोन छत्र्या घेतल्यात सर, आणि दोन्ही एकाच बसमध्ये विसरलात."

दुसरी तक्रार झाली. बिघाडाची नाही, माझ्या तोंडाची.

* * *

खंडेनवमीला ऑफिसात मशीनची पूजा असायची. त्या वर्षी पूजेला अभ्यंकर साहेबांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या आई खास रिक्षा करून आल्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाची नवी लाइन पूजेनंतर मुहूर्तावर जोडायची होती, म्हणून पेटीचा सतरा नंबरचा पोर्ट रिकामा ठेवलेला. पूजा झाली, अक्षता पडल्या, सरांनी लाइन जोडली, टाळ्या, पेढे.

सुट्टीनंतर बघतात तर ती लाइन लागतेय आणि तुटतेय. सरांनी वायर बदलली, तेच. तीच वायर दुसऱ्या पोर्टात लावली, छान चालली. तिथली साहेबांची वायर सतरात लावली, तर साहेबांचा कॉम्प्युटर मुका. म्हणजे दोष पोर्टाचाच. टायवाला पुन्हा आला आणि म्हणाला, पोर्टात बाहेरचं काहीतरी गेलंय, झाडलोट करतानाच गेलं असणार. तिकडून अमेरिकेवाले मागे लागले : काय झालं आणि कोणामुळे, नावासकट लेखी कळवा.

पठारे माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "कांताबाई, तीन झाल्या. उद्यापासून येऊ नका."

मी पदर खोचला. "जाते. पण माझ्यासमोर पेटी उलटी करा."

"मावशी, ती बरणी नाही," निनाद सर म्हणाले.

"अंदाज करायचा नाही, असं तुम्हीच म्हणता ना?"

सरांनी सगळ्या वायरी काढल्या, पेटी बाहेर घेतली, खाली पांढरा कागद धरला, आणि पेटी उलटी करून हलकेच थोपटली. कागदावर एक दाणा पडला. तांदळाचा, कुंकवाने लाल झालेला.

टायवाला म्हणाला, "मग यांनीच टाकला असेल पूजेत."

"माझ्या सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अक्षता नाहीत," मी म्हटलं. "पूजेच्या वेळी मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते, सगळ्यांनी बघितलंय. या ऑफिसात अक्षता न टाकलेली मी एकटीच. आता बाकीच्यांना विचारा."

बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. टाकल्या सगळ्यांनीच होत्या. पण कपाटाला कुलूप होतं, सगळ्यांच्या अक्षता काचेवरच पडल्या, असं सगळेच सांगू लागले. मग कपाट उघडलं कुणी?

किल्ली खोलीच्या दाराशी खिळ्याला असायची, शेजारी वही. किल्ली घेणाऱ्याने नाव आणि कारण लिहायचं, मग तो कुणीही असो. नियम साहेबांचाच. साहेबांनी वही मागवली आणि त्या दिवसाचं पान काढलं. त्यावर दोनच नोंदी. खालची निनाद सरांची : 'नवीन लाइन जोडणे.' वरची सुवाच्य, गोल अक्षरात. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'काचेवर अक्षता टाकून पूजा होत नसते.'

साहेबांनी नाव वाचलं. मग वही मिटून पठारेंना म्हणाले, "यांच्या नावावरचं सगळं खोडा." आणि अमेरिकेचं पत्र टाइप करायला स्वतः बसले.

टायवाला हळूच म्हणाला, "सर, नाव दिलंच पाहिजे असं काही नाही."

"त्यांनी मागितलंय," साहेब म्हणाले, आणि 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात एकेक अक्षर दाबत त्यांनी लिहिलं : श्रीमती इंदिराबाई अभ्यंकर.