जत्रा झाल्यावर बघू

"तोंडाकडं काय बघून राहिले मॅडम? चाल बघा, चाल! तोंड काय, कुणाचंबी गोड असतंय."

मी अहमदपूरला बदली होऊन आले त्या दिवशी शेजारच्या काकांनी मला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. समोरून आमचे हेडमास्तर येत होते. काकांनी त्यांना कमरेपासून टाचेपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "मागचे पाय आत वळतेत त्यांचे." मागचे पाय! माणसाला मागचे पाय असतात हे मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं कित्येक महिने हेडमास्तर वऱ्हांड्यातून गेले की मी फळ्याकडं तोंड करून उभी राहायचे.

काका एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. पण ही ओळख कुणाच्या लक्षात नव्हती. गल्लीत कुणालाही विचारा, "कुत्रीवाले काका" म्हणून घर दाखवायचे. आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहायला कोण आलं, तर मी! मला कुत्र्यांचा भयंकर राग. खरं म्हणजे भीती, पण मास्तरणीनं भीती म्हणायची नसते, म्हणून राग.

कुत्रीचं नाव बेगम. पश्मी जातीची. आपल्याकडं लातूर-नांदेड भागात कारवान कुत्री असतात ना, उंच, सडपातळ, पोट पाठीला टेकलेली, त्यांची ही लांब केसांची बहीण. अंग पांढरंशुभ्र, कानांना आणि शेपटीला रेशमी झालर. येणारे-जाणारे विचारायचे, "काका, उपाशी ठेवता काय हिला?" काका त्या माणसाच्या पोटाकडं बघत म्हणायचे, "पळणाराचं पोट असं असतंय. तुमचं कामून तसं न्हाई, ते मी इचारलं का?"

रविवार हा बेगमच्या न्हाणाचा दिवस. रात्रभर भिजवलेला रिठा, कोमट पाणी, आणि नंतर अंगणात बाज टाकून लाकडी फणीनं केस विंचरायचे. घाई नाही, ओढाताण नाही. केसात गुंता आला की फणी बाजूला ठेवून बोटांनी सोडवायचे आणि तोंडानं चालू असायचं, "झालं माय, झालं, झालंच." जेवताना कानाचे केस दुधात बुडू नयेत म्हणून तिचे दोन्ही कान डोक्यावर घेऊन चिंधीनं बांधायचे. चिंधी काकूंच्या जुन्या पातळाची. ते ध्यान पाहून मी पहिल्यांदा विचारलं होतं, "दाढ दुखतेय का हिची?" काकू आतून ओरडल्या, "तिची कशाला दुखंल? ती बेगम हाय. दाढा दुखायला आमी हाव की!"

काकू बोलायच्या फटकळ, पण बेगमची बाजरीची भाकरी त्याच कुस्करायच्या.

जत्रेची तयारी तर विचारूच नका. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची जत्रा भरते, तिथं घोड्यांसारखं कुत्र्यांचंही प्रदर्शन असतं. परीक्षक येऊन कुत्र्याचे दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चालवून बघतो. त्या वेळी कुत्रं दचकलं की संपलं. म्हणून बेगमला परक्या हातांची सवय लावायची काकांची एक पद्धत होती. गल्लीत जो येईल त्यानं आधी बेगमचे दात बघायचे. दूधवाला आला, दात बघा. गॅसवाला आला, दात बघा. एकदा मतदार यादीवाले आले, त्यांनीही बिचाऱ्यांनी बघितले. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे गच्च मिटून तिचा ओठ वर उचलला. काका म्हणाले, "मॅडम, परीक्षक डोळे उघडे ठेवतेत." बेगम मात्र पुतळ्यासारखी उभी. भीती नाही, लाड नाही. तिच्या नाकाचा गार ओलावा माझ्या मनगटाला लागला आणि मी ओरडले नाही. त्या दिवसापासून आमचं बरं जमलं.

काकांचा दुसरा आवडता शब्दप्रयोग म्हणजे "जत्रा झाल्यावर बघू." नळ गळतोय? जत्रा झाल्यावर बघू. काकूंचा चष्मा बदलायचाय? जत्रा झाल्यावर बघू. जत्रा वर्षातून एकदाच होते, आणि ती झाली की काका पुढच्या जत्रेला लागायचे. काकू म्हणायच्या, "मी मेले तर ह्ये म्हणतेल, थांब, जत्रा होऊ दे, मग उचलू."

हसण्यावारी नेलं आम्ही सगळ्यांनी.

बेगम ही त्यांच्या घरची शेवटची. आजोबांच्या वेळेपासून तिच्या आईची, आजीची, पणजीची पिढी याच घरात वाढली. बेगमची सगळी भावंडं रक्ताच्या हगवणीत गेली, ही एकटी वाचली. तेव्हा हिला पिल्लं झाली तरच वाण पुढं चालणार, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. काका जोडीचा नर शोधत फिरत होते. स्थळं बघायला जावं तसं इस्तरीचा सदरा घालून एसटीनं जायचे. उदगीरला गेले, देगलूरला गेले. परत आले की मी विचारायचे, "काय काका, जमलं का?" तर म्हणायचे, "पोरगं चांगलंय, पण कान जड हाय." कधी छाती अरुंद, कधी शेपटी आखूड. एका ठिकाणी तर नर पसंत पडला, पण त्याच्या आईबद्दल मालकाला नीट सांगता आलं नाही, म्हणून चहा न घेता उठून आले.

"लेकीचं लगीन एका बैठकीत उरकलं," काकू म्हणायच्या, "अन् हिच्यासाठी गावं पालथी घालायलेत."

शेवटी हिमायतनगरला एका शेतकऱ्याकडं मनासारखा नर मिळाला. काका आले ते पेढे घेऊनच. "मॅडम, काय चालतंय म्हणता! पाण्यावर चालल्यावानी!" शब्द दिला-घेतला. आता बेगम माजावर यायची वाट बघायची.

कार्तिकात ती माजावर आली. पण जत्रा मार्गशीर्षात. आता हिमायतनगरला नेली तर जत्रेपर्यंत गाभण, पोट सुटणार, आणि पिल्लं झाल्यावर केस झडणार ते वेगळंच. त्या वर्षी बेगम अशी काही उजळली होती की कुत्र्यांतलं काही न कळणारी मीसुद्धा थांबून बघायचे. काकांचा पाय निघेना. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, न्या तिला. नंबर काय, येईल न्हाई तर जाईल."

"जत्रा झाल्यावर बघू," काका म्हणाले. "पुढल्या खेपेला नेतो की."

आणि नंबर आला ना! पहिला. गुलाबी सुती फेटा, ही मोठी ढाल. अहमदपूरच्या स्टँडपासून गल्लीपर्यंत हलगी वाजवत आणलं बेगमला. काका एवढे खूश की हलगीपुढं स्वतःच नाचले. मी आयुष्यात पहिल्यांदा एका कुत्रीला ओवाळलं. आमचे हेडमास्तरही येऊन ढालीबरोबर फोटो काढून गेले.

पुढली खेप वैशाखात आली. मी काकांना आठवण करून दिली, कारण मला आता त्या पिल्लांची ओढ लागली होती. काका अंगणात फणी घेऊन बसले होते. म्हणाले, "ऊन लई हाय मॅडम. एवढ्या उन्हात कुठं नेऊ एसटीनं? अन् एक सांगू का? लागोपाठ दुसऱ्यांदा नंबर आला ना, तर नांदेड जिल्ह्यात नाव राहील तिचं. एक जत्रा फक्त." वय होत चाललं होतं तिचं. ते त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

आषाढात बेगमनं भाकरी सोडली. नुसतं पाणी प्यायची, पिऊन ओकायची. काकांना वाटलं, बाधलं असेल काही. ओवा झाला, ताक झालं. मग खाली बसलेल्या जागेवर डाग दिसायला लागले तेव्हा जीप करून तिला उदगीरला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. काकूंबरोबर मीही गेले. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगत होते. गर्भपिशवीत पू झालाय. वय वाढलेल्या, पिल्लं न झालेल्या माद्यांना हे होतं. पिशवी काढावी लागेल, नाही तर ती जगणार नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पुढं पिल्लं?"

डॉक्टर म्हणाले, "आता नाही काका."

काकांनी बेगमच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "काढा. ती राहिली पाहिजे."

बेगम वाचली. घरी आणल्यावर ती टाके चाटायला लागली, पोटाला बांधायला मोठं मऊ कापड हवं होतं. काकूंनी इकडं-तिकडं शोधलं नाही. खुंटीवरचा गुलाबी फेटा काढला, दातात धरून टर्रकन फाडला आणि बेगमच्या पोटाला गुंडाळला. काका बघत होते.

त्यानंतर काकांनी फणी हातात घेतली नाही. बेगमचे केस गुंतायला लागले, कानाची झालर गळून पडली, तसं काकूच अधूनमधून विंचरायच्या. पण काका तिला घेऊन बसायचे तासन्‌तास. पूर्वी बाजेवर चढू न देणारा माणूस, आता अर्धी बाज तिला द्यायचा. एकदा मी भाजी द्यायला गेले तर म्हणाले, "मॅडम, मी ड्रायव्हर माणूस. इतकी वर्सं गाडी चालवली, कुणाला खरचटू दिलं न्हाई. अन् घरची गाडी ह्या हातानं खड्ड्यात घातली बगा. आजोबापासून आलेलं, मी ढालीपायी बंद केलं."

मी म्हटलं, "काका, असं का म्हणता? आजार काय सांगून येतो?"

"आजार न्हाई आला सांगून. ती दोनदा सांगून आली की, कार्तिकात अन् वैशाखात." मी भाजीचं भांडं ठेवलं आणि घरी आले. रडूच आलं मला.

त्या वर्षीच्या जत्रेला काका रिकाम्या हातानं गेले. दर्शनाला म्हणून काकू आणि मीही होतो. काका रिंगणाच्या कडेनं फिरत होते आणि मादी घेऊन आलेल्या प्रत्येकाला विचारत होते, "पिल्लं झाली का हिला? आधी पिल्लं घ्या बाबा. नंबर मागून." लोक हसायचे. एक जण तर तोंडावर म्हणाला, "स्वतःला नंबर भेटलाय म्हातारबाला, आता दुसऱ्याला नको म्हणायलंय." काका ऐकून घ्यायचे आणि पुढच्याकडं जायचे. इतका मान असलेला माणूस असा दारोदार फिरल्यासारखा फिरताना बघून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, चला आता." ते म्हणाले, "अजून दोघं-तिघं राहिलेत."

त्यांत इस्लापूरकडची एक मुलगी होती. कॉलेजात शिकणारी, वडील गेल्यावर त्यांची पश्मी कुत्री तिनंच सांभाळली होती. तांबूस रंगाची, डौलदार. काका सांगायला लागले तशी ती फणकारली, "काका, पहिल्यांदाच आणलंय मी हिला. अन् तुम्ही आणूच नको म्हणता?" काका तिथंच मातीत बसले आणि तिला सगळं सांगितलं. कार्तिकातलं, वैशाखातलं, उदगीरचं. काही लपवलं नाही. पुकारा झाला तसे बाकीचे कुत्री घेऊन रिंगणात गेले. ती पोरगी काकांसमोर उकिडवी बसून ऐकत राहिली, आणि मग कुत्रीला घेऊन निघून गेली. रागावून गेली की ऐकून गेली, आम्हाला कळलं नाही. काकांनाही नाही. परतताना बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "जास्तच बोललो का मी तिला?"

उन्हाळ्यात बेगम गेली, झोपेतच. आणि पोळ्याच्या आधी काका गेले. सकाळी छातीत कळ आली, लातूरच्या वाटेवरच सगळं संपलं. काकू रडल्या नाहीत. आल्यागेल्याला चहा करत राहिल्या. लेकीनं पुण्याला चल म्हटलं, तर "बघू" म्हणाल्या.

यंदा जत्रेला काकूच म्हणाल्या, जाऊन येऊ. दर्शन झालं. रिंगणाकडं जायचं नाही असं मनाशी ठरवून आम्ही बसकडं निघालो होतो, तेवढ्यात मागून हाक आली, "काकू! ओ काकू!" ती इस्लापूरची पोरगी. कडेवर शालीत गुंडाळलेलं एक पिल्लू, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. धापा टाकत म्हणाली, "सकाळपासून शोधून राहिले तुम्हाला. पाच झाली बगा! चार दिली, हे कुणालाच दिलं न्हाई. काकांसाठी ठेवलंय. कुठंयत काका?"

काकूच म्हणाल्या, "न्हाईत ग माय ते आता. पोळ्याच्या आधी गेले."

पोरीचे हात पुढं केलेले तसेच राहिले. पिल्लू त्या हातांत वळवळत होतं. काकूंनी ते घेतलं, पदरात धरलं. त्यानं काकूंची हनुवटी चाटली, आणि इतके महिने कोरड्या डोळ्यांनी वावरलेली ती बाई रस्त्याच्या मधोमध उभी राहून रिंगणाकडं तोंड करून मोठ्यानं भांडायला लागली, "आलंय बगा! आता आलंय! या की आता! कोण इंचरणार ह्याला? सांगा की, कोण इंचरणार?"

लोक वळून बघायला लागले. मी पुढं होऊन त्यांना धरलं. ती पोरगी काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती, आणि त्या दोघींच्या मध्ये दबलेलं पिल्लू बारीक आवाजात कुईकुई करत होतं.