गायकासाठी केस दिले

रेडिओवरचा आवडता गायक वारला, तसं बोरगाव मेघेच्या सलूनवाल्या नानाजींनी स्वतःचंच डोकं भादरलं. ते पाहून घरातलंच कोणी गेलं असं समजून शेजारची रक्षा पिठलं-भाकर घेऊन धावत आली. खरी गोष्ट तिला कळल्यावर नानाजींच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, तोंड कुठं लपवू असं झालं.

“तो तुमचा कोण लागे जी?” त्या नवऱ्यावर करवादल्या. “माहा भाऊ गेला तं दुकानही बंद नाई केलं!”

“तुहा भाऊ तीस वर्षांत दोनदा आला,” नानाजी ठासून म्हणाले. “हा रोज सकाळी सातले दुकानात हजर. इकडं माही कैची चाले, तिकडं त्याचा गळा. जोडीदार गेला माहा.”

“मंग भाकर ठेवू का नेऊ, काकू?” रक्षानं विचारलं.

मनकर्णाबाईंनी नवऱ्याच्या डोळ्यांकडं पाहिलं.

“ठेव. मयतीच्या घरी कोण सैपाक करते?”