मॅलॉक, फ्री आणि विहिरीवरचा डबा

सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. चूक आज होते, फुटते महिन्यानं, अन् तोवर दुसरी तयार असते! रिसोडला आमचं छोटं वर्कशॉप आहे. शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारे डबे आम्ही बनवतो. वंदनाताई प्रमुख, प्रोग्राम लिहिणारा मी, अन् शेतात जाऊन डबे बसवणारा गजू.

*

मेडशीहून एका काकूंचा फोन आला. "तुमचा डबा दर आठ दिवसानं मुका होते. बंद करून लावला का पुन्हा बोलते. काहून?"

दोन दिवस मी नुसत्या वायरी तपासल्या. शेवटी ताईंनी प्रोग्राम उघडला. प्रत्येक मेसेजसाठी मी मॅलॉकनं मेमरी मागत होतो, अन् फ्रीनं परत करायचं विसरत होतो. आठ दिवसांत मेमरी खलास!

"मागाले येते, वापस कराले काय होते तुले?"

*

बोलणी खाल्ल्यावर मी दिसेल तिथं फ्री टाकलं. दुसऱ्या दिवशी टेबलावरचे सगळे डबे धडाधड बंद. एकच मेमरी मी दोनदा सोडत होतो.

ताई म्हणाल्या, "खोली एकदा खाली केली ना? आता तिथं दुसरे राह्याले आले. त्याहिले कायले बाहेर काढतं?"

*

शेलूबाजारला पंधरा-वीस शेतकऱ्यांसमोर डेमो होता. एकानं लांबलचक मेसेज पाठवला. मॅलॉकनं 'नल' दिलं, म्हणजे जागा नाही. माझ्या प्रोग्रामनं ते न बघताच लिहायला घेतलं. डबा गप्प! सगळे माझ्याकडं बघताहेत, मला घाम.

मागून गजू म्हणाला, "कंडक्टर जागा नाही म्हणते, अन् हा बसूनच जाते!"

*

उत्तममामांच्या विहिरीत मोटरच्या वायरचा जोड सैल झाला होता. मामांनी मोबाईलवरून मोटर बंद केली अन् पायऱ्यांनी खाली उतरले. गजू काठावर उभा.

इकडं वर्कशॉपात ताई माझा नवा प्रोग्राम वाचत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही मेमरी तू फ्री केली. मग खाली तिलेच काहून वाचून राह्यला?"

"रिकामी आहे ना ताई."

"फ्री पुसत नाही रे! नुसती जागा सोडते. जुना 'चालू'चा मेसेज तिथंच पडून असन तं? मोटर आपोआप लागन ना!" त्यांचा चेहरा उतरला. "हा प्रोग्राम कोणाच्या डब्यात टाकला?"

"फक्त उत्तममामांच्या. गजू आत्ता तिथंच गेलाय, मामा विहिरीतला जोड बघताहेत."

त्यांनी स्पीकरवर फोन लावलासुद्धा. "गजू, मेन स्विच पाड! इचारू नको, पाड!"

फोनमधून त्याची पळती पावलं ऐकू आली. मग खट्ट! स्विच पडला. मी श्वास सोडणार, तेवढ्यात स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या डब्यातून आवाज आला. टक्! मोटर चालू करताना येतो, तो.



विहिरीतून मामांनी विचारलं, "गजू, कायचा आवाज झाला बे?"

"काही नाई मामा," गजू म्हणाला, "तुमी पयले वर या."